पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांचे पगार काढणं हे माझं काम. सात तारखेच्या आत खात्यावर पैसे पडले पाहिजेत, पंधरा तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलनं गेली पाहिजेत. हजेरी, ओव्हरटाइम, उचल, कपात यातच महिना जातो, त्यामुळं पगार या गोष्टीकडं मी फार हळवेपणानं बघत नाही. पण लेक झाल्यावर माझ्या स्वतःच्या पगाराचा हिशोब जितक्या लोकांनी न विचारता करून दिला, तितक्या बारकाईनं आमच्या कंपनीचं ऑडिटसुद्धा होत नाही.

सुरुवात नेहमी बाळापासून होते. हळदी-कुंकू असो, वास्तुशांत असो, नाहीतर महाद्वार रोडला साडीच्या दुकानात भेटलेली लांबची मामी असो. "बाळ कुणाकडं असतंय गं दिवसभर?" पाळणाघरात, असं म्हटलं की आधी एक सुस्कारा. मग, "घेतात किती?" आकडा कळला की पेट्रोल, पेट्रोलनंतर स्वयंपाकाची बाई. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्यांची वाट बघता बघता आमच्या आत्यांनी आहेराच्या रिकाम्या पाकिटावर पेन घेऊन मांडलंच. पगार २४,०००. पीएफचे १,८०० कापून हातात २२,२००. (महाराष्ट्रात बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर व्यवसाय कर लागत नाही, ही सवलत २०२३ पासूनची. आत्यांना ते माहीत नव्हतं, मी सांगितलं. हिशोब चाललाच आहे तर बरोबर तरी व्हावा.) पाळणाघर ४,५००, पेट्रोल २,०००, पोळी-भाजीची बाई ३,०००, वरचं सटरफटर २,०००. बेरीज ११,५००. उरले १०,७००.

"दहा हजारासाठी?" आत्या म्हणाल्या. प्रेमानंच म्हणाल्या, त्यात खोट काढायला जागा नाही. त्यांनी दोन पोरं वाढवली, घर सांभाळलं, आणि मला खरंच त्रास होऊ नये असं त्यांना वाटतं. पण मी त्या पाकिटाकडं अकाउंटंटच्या नजरेनं बघत होते, आणि मला ते पाकीट सरळ सरळ चुकीचं दिसत होतं.

पहिली गोष्ट, पाळणाघराची फी माझ्याच पगारातून का वजा केली? पोरगी दोघांची आहे. नवरा बँकेत आहे, इचलकरंजीच्या शाखेत जातो-येतो. त्याचं पेट्रोल माझ्यापेक्षा जास्त. पोळी-भाजीच्या बाईच्या पोळ्या त्याच्या डब्यात माझ्या डब्यापेक्षा दोन जास्त. त्याच्या पगारातून हे कुणी वजा करत नाही. त्याचा पगार हा पगार असतो आणि माझा पगार म्हणजे माझ्या घरात नसण्याची भरपाई वजा जाता राहिलेली रक्कम. अकाउंट्सच्या भाषेत सांगायचं तर खर्च दोन विभागांचा, आणि सगळा टाकलाय एका विभागाच्या नावावर. असं केलं की कुठलाही विभाग तोट्यात दाखवता येतो. मग तो बंद करायचा ठराव करायला वेळ लागत नाही.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, की पुढच्या महिन्यापासून फी तुझ्या खात्यातून जाऊ दे, किराणा मी भरते. रक्कम साधारण तेवढीच. त्याला काही फरक पडणार नव्हता, पडलाही नाही. पण पुढच्या वेळी कुणीतरी "फी किती जाते तुझी?" असं विचारलं तेव्हा "माझी नाही जात, ह्यांची जाते" असं उत्तर मिळालं, आणि समोरच्या काकू पुढचं वाक्यच विसरल्या.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती फक्त आत्यांची नाही. चांगली शिकलेली माणसंसुद्धा ती करतात. त्या पाकिटावर फक्त हातात येणारे पैसे होते. माझ्या मूळ पगारावर, म्हणजे १५,००० वर, माझे १२ टक्के जातात तसे मालकाचेही १२ टक्के जातात. त्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० माझ्या फंडात. म्हणजे माझ्या नावावर महिन्याला २,३५० फंडात पडतात, शिवाय पेन्शनची नोंद पुढं सरकते. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. माझ्या मूळ पगाराला ती वर्षाला साडेआठ हजारांच्या वर जाते. प्रसूती रजेचा काळ सलग नोकरीतच धरतात. यातलं काही हातात येत नाही म्हणून ते कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते वजाबाकीत कधी येत नाही.

मला ते दिसतं, कारण नोकरी सोडून जाणाऱ्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. फॉर्म १९ फंडाचा, फॉर्म १० सी पेन्शनचा. सोडण्याचं कारण लिहायची जागा असते. बापे लिहितात "चांगली संधी", "दुसरी नोकरी". बायका लिहितात "घरगुती कारण". पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते, आणि या बायका सहाव्या-सातव्या वर्षी, पहिल्या नाहीतर दुसऱ्या बाळंतपणानंतर थांबलेल्या असतात. सगळे पैसे काढून घेतात. त्या पैशांचं काय होतं तेही बहुतेक वेळा कळतं: फ्लॅटचं डाउन पेमेंट, दिराचं लग्न, नवऱ्याची नवी गाडी. मी प्रत्येकीला सांगते, की बाई, पेन्शनचे पैसे काढू नकोस, त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट माग, पुढं कधी परत नोकरीला लागलीस तर ही वर्षं त्यात धरली जातील. दहातल्या एखादीला पटतं. बाकीच्या म्हणतात, "आता कुठली मॅडम परत नोकरी."

कायद्यालाही हे सगळं आधीपासून ठाऊक असावं. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत वर्षानुवर्षं अशी तरतूद होती, की नोकरी सोडल्यावर फंड काढायला दोन महिने थांबायचं, पण लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला ही अट नाही. सोय म्हणून चांगलीच. पण लग्न झालं की बाई घरी जाणार, हे सरकारी कागदाला इतकं साहजिक वाटावं, याचं मला पहिल्यांदा ते कलम वाचताना हसू आलं होतं.

तिसरं म्हणजे वेळ. पाळणाघराची फी काही जन्मभर नसते. पोरगी शाळेला लागेल, फी बदलेल, कमी होईल, एक दिवस थांबेल. पगार मात्र थोडाथोडा का होईना वाढत जातो. आणि जी मध्ये पाच-सात वर्षं थांबते ती परत येते तेव्हा तिला आधीच्या पगारावर कुणी घेत नाही, ती पुन्हा ज्युनियर असते. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. त्यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून जे मांडलं त्यातला एक भाग हाच, की एकाच कामातल्या बाईच्या आणि बापयाच्या कमाईतली दरी आज मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर पडते. आमच्या शिरोलीत हे सांगायला नोबेल लागत नाही, पगारपत्रक पुरतं. एकाच वर्षी लागलेले दोघं, दहा वर्षांनी कुठं आहेत ते बघायचं.

आता लोक काय म्हणतात त्याबद्दल. मला नावं ठेवणाऱ्यांचा राग येत नाही असं नाही, पण त्याहून जास्त कुतूहल वाटतं. कारण माझी आई जन्मभर काम करत आली, आणि तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. माझं माहेर भुदरगड तालुक्यातलं. पहाटे म्हशींच्या धारा, डेअरीला दूध, मग दुसऱ्याच्या रानात भांगलणीला. मी बांधावर झोळीत. दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं, त्यावर घर चालायचं. ती घराबाहेर किती तास असायची हे कुणी मोजलं नाही. पोरगी कुणाकडं ठेवलीस, असं भांगलणीला आलेल्या बाईला मालकीण विचारत नाही. विचारलंच तर "आण की बरोबर, बसू दे झाडाखाली" एवढ्यापुरतं. हुपरीत चांदीकामाला बसणाऱ्या बायका, चपलांच्या कामात घरोघरी वेण्या घालणाऱ्या बायका, कुणालाच हा प्रश्न नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आयांनी काम करणं ही काही मुंबईहून आलेली फॅशन नव्हे.

म्हणजे काम चालतं. गरज दाखवता आली पाहिजे. नवरा नाही, नवरा पितो, कर्ज झालंय, सासरे आजारी आहेत, यातलं एक काहीतरी सांगा, लगेच "गुणाची गं पोर, घर ओढतीया." माझी अडचण अशी की आमचं भागतं. दोघांच्या पगारात नीट भागतं, एकाच्यात ओढाताणीनं भागलं असतं. आणि भागत असताना आई कामाला जाते म्हणजे तिला घर नको आहे, असा निकाल लागतो. कुणी असं विचारत नाही की जीएसटीचं रिटर्न वेळेत भरून झाल्यावर, तीन महिने न जुळणारी बाकी एकदाची जुळल्यावर, माणसाला बरं वाटतं का. वाटतं. मला फार बरं वाटतं. पण हे हळदी-कुंकवात सांगायचं नसतं.

शिवाय नोकरीनोकरीत फरक आहे. जिल्हा परिषदेची शिक्षिका असेल तर तिच्या पाळणाघराचा हिशोब कुणी करत नाही. तिच्या सासूबाई गल्लीत ताठ चालतात. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पगार ठरलेला, पेन्शनची आशा. खासगीतली, त्यातून एमआयडीसीतली म्हटलं की चेहरा बदलतो. आणि गंमत म्हणजे लग्न जमवताना याच मंडळींना "मुलगी नोकरीवाली पाहिजे" असतं. बायोडाटात पगार लिहावा लागतो. मग बाळ झालं की तोच पगार एकदम किरकोळ होतो.

ऑफिसमध्ये उलट्या बाजूनं तेच. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, चांगलंच झालं. पण ईएसआयमध्ये नसलेल्या बाईचा तो सगळा पगार मालकानं द्यायचा. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० पगाराची, त्यामुळं आमच्या कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यांचे गाभे करणाऱ्या, बायकांचा खर्च ईएसआय उचलते आणि माझ्यासारख्या ऑफिसातल्या बाईचा कंपनी. याचा परिणाम मुलाखतीत दिसतो. "लग्न झालंय का? मग... पुढचं काही?" हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे, हेही त्याच दुरुस्तीनं आलं. आमच्या पट्ट्यात किती ठिकाणी पाळणाघरातलं बाळ रडताना ऐकू येतं, ते तिकडून रोज जाणाऱ्यांनी आठवून बघावं. आणि बापाला रजा? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं काहीच नाही. म्हणजे मूल आईचं, हे फक्त आत्याच म्हणतात असं नाही.

माझी एक मैत्रीण, एम.कॉम.ला आम्ही बरोबर होतो, तिनं सोडली नोकरी. तिचा हिशोब मी स्वतः बघितला आहे, आणि तो मला पटला. पगार १३,०००, पीएफ नाही, स्लिप नाही, वरून पैसे कधी पंधराला तर कधी वीसला. घरी जुळी मुलं, सासरी हाताखाली कुणी नाही. दोघांची फी तिच्या पगाराच्या वर जात होती, आणि पुढं वाढेल, फंड साठेल असंही तिथं काही नव्हतं. तिनं थांबणं बरोबर होतं. आता तिला काय ऐकावं लागतं? "एवढं शिकून घरातच बसलीस होय?" तीच काकू. मला "कशाला जातीस", तिला "का बसलीस". निदान बाकी तरी एकच ठेवा म्हणावं.

ती बसलेली नाही हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाच तास आणि दीड तास. हे पाच तास नोकरीवालीला माफ होतात असंही नाही, ते सकाळी आणि रात्री वाटून येतात.

फुलेवाडीहून निघालं की गंगावेशेतून पुढं सीपीआर या सरकारी दवाखान्यावरून माझा रस्ता आहे. त्या दवाखान्याचं आधीचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. शाहू महाराजांच्या काळात तिथं डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करत होत्या, आणि त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानच्या मुलींच्या शाळांवर अधिकारी होत्या. आई नोकरीत, मुलगी डॉक्टर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, याच गावात. रखमाबाईंना लोक काय काय बोलले असतील याची कल्पना करायला मला फार कष्ट पडत नाहीत. आम्ही मात्र महिला दिनाला कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्याला हार घालतो. त्यांनी राज्य हातात घेतलं तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता. हार घालून परत येताना गाडीत पाळणाघरांबद्दल काय बोलणं होतं ते मी ऐकलेलं आहे, लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र त्या पाकिटावर माझ्याकडूनही मांडलेली नव्हती, आणि ती कुणीच मांडत नाही. पाळणाघर दुपारी तीनपर्यंतच. तीन ते सात पोरगी सासूबाईंकडं. पाळणाघरवाल्या मावशींचे तास आम्ही पैशात मोजतो, सासूबाईंचे तास फुकट धरतो. कमावत्या बाईच्या मागं दुसरी एक बाई उभी असते, बिनपगारी नाहीतर कमी पगारी. पाळणाघरवाल्या मावशींची नात त्यांच्या विहिणीकडं असते. ही साखळी कुठं संपते मला माहीत नाही, पण तिच्यात बापे फार थोडे आहेत एवढं दिसतं.

म्हणून मी सासूबाईंना सरळ म्हटलं, की आई, तुमच्या नावानं दरमहा आरडी काढते, दीड हजाराची. नातवंडाला सांभाळायचे पैसे कसले घ्यायचे, असं त्या म्हणतील अशी माझी तयारी होती. त्या थोडा वेळ भाजी निवडत राहिल्या.

"पैसं नकोत," म्हणाल्या. "मला दुसरा आणि चौथा शनिवार दे. तुझ्या नवऱ्याला बँकेला सुट्टी असती, मला का नाही?"

तेव्हापासून त्या दोन शनिवारी सासूबाई सकाळी सातला त्यांच्या मैत्रिणींबरोबर नरसोबाच्या वाडीला जातात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं चौघी-पाचजणी मजेत असतात. मला शनिवारी ऑफिस असतं. नवरा आणि पोरगी घरी. पहिल्या वेळी त्याचे फोन आले: वरण-भातात तूप किती, झोपली नाही तर काय करायचं, दार उघडून गॅलरीत जाते त्याला काय करायचं. आता येत नाहीत. परवा आत्या नेमक्या शनिवारी घरी आल्या होत्या. त्याला पोरीची वेणी घालताना बघून म्हणाल्या, "किती करतोय बघ बिचारा." तो म्हणाला, "आत्या, चहा घेणार का? पण तुम्हीच टाका, माझा हात गुंतलाय."

सासूबाई संध्याकाळी वाडीहून बासुंदी घेऊन येतात. जाण्यायेण्याचे पैसे त्या माझ्याकडून घेत नाहीत. लेकाकडून घेतात, आणि बासुंदीचेसुद्धा.